आगमन झालेले आहे

समीक्षा गजभारे घरी बसून नेमकं काय काम करते, हे तिच्या आईनं, म्हणजे सरजाबाईनं, नांदेडातल्या त्यांच्या गल्लीतल्या बायांना चार वेळा सांगितलं होतं आणि चारही वेळा वेगळं सांगितलं होतं. पहिल्यांदा म्हणाली, पोरगी बँकेत हाय. मग म्हणाली, बँकेत न्हाई, बँकेच्या मशीनीत हाय. तिसऱ्यांदा म्हणाली, मशीन लई लांब हाय अन् पोरगी गच्चीवरच्या खोलीत हाय. चौथ्यांदा कंटाळून म्हणाली, "ती चिठ्ठ्या लावती, बाई." आणि खोटं कशाला बोलू, ही चौथी गोष्टच सोळा आणे खरी होती.

बँकेची ती मशीन म्हणजे मेनफ्रेम, कपाटाएवढा कॉम्प्युटर. मोठमोठ्या बँका अजून त्याच्यावर चालतात, आणि जुनाट म्हणून त्याला नाक मुरडणाऱ्यांचा पगारसुद्धा त्याच्याच पोटातून निघतो. त्या पोटात एका वेळी हजार कामं चाललेली असतात. एखादं काम मन लावून चाललंय आणि मधेच निरोप येतो: लावलेलं घड्याळ वाजलं, मागितलेला कागद आला, अमकं झालं, तमकं झालं. निरोप कधी येईल ह्याचा नेम नाही. मग काय, निरोप आला की हातातलं फेकून धावत सुटायचं? बिल्कुल नाही. निरोपाची एक चिठ्ठी करायची आणि त्या कामाच्या नावानं रांगेत लावायची. कामाची पाळी आली की आधी चिठ्ठीतलं उरकायचं, आणि मग मूळ काम जिथं थांबलं होतं तिथूनच, त्याच अक्षरापासून, पुढं न्यायचं. चिठ्ठी वेळेवर लागते का, आणि ती उरकेपर्यंत मूळ कामाची जागा कुणी नीट टिपून ठेवलीय का, एवढंच समीक्षा पाहायची. पाच वर्षं तिनं दुसरं काही पाहिलंच नव्हतं.

त्याचा परिणाम व्हायचा तो झाला. कुकरची शिट्टी झाली तरी बाई आधी हातातली प्रोग्रामची ओळ पुरी करणार. दारात कुणी आलं तरी "पाळी येऊ द्या" म्हणून बसून राहणार. ह्यापायी घरातले दोन कुकर आणि परभणीचं एक चांगलं स्थळ गेलं. सरजाबाईला कुकरचं जास्त वाईट वाटलं.

तिचे वडील साहेबराव हे मुदखेडच्या अलीकडच्या एका शाळेत शिपाई होते. छत्तीस वर्षं त्यांनी शाळेची घंटा वाजवली. घंटा म्हणजे लिंबाच्या फांदीला टांगलेला रुळाचा तुकडा आणि एक हातोडा. सगळी शाळा त्यांना मामा म्हणायची, आणि मामांच्या टोल्यावर गावातल्या बाया भाकरी थापायला बसायच्या. जूनअखेर मामा रिटायर झाले. सत्कार करायचं ठरलं, विष्णुपुरीच्या रस्त्यावरचं एक मंगल कार्यालय धरलं, आणि त्या संध्याकाळी साहेबराव गच्चीवर पोरीच्या खोलीत आले.

"काय करून राहिली?" त्यांनी विचारलं.

"ओळ संपवून राहिले," समीक्षा म्हणाली, आणि खरंच ओळ संपवूनच वळली.

"मला कार्यक्रमात फक्त पाच मिनटं पाहिजेत बोलायला. अन् तवा समोर मलप्पा बसलेला पाहिजे."

"मलप्पा कोण?"

"माझ्यासंगं शिपाई होता. सत्त्याण्णव सालापर्यंत. मंग त्याची बदली झाली, तिकडं देगलूरच्या पल्याड." साहेबरावांनी वर पंख्याकडं बघितलं. "चूक माझी होती, समीक्षा. भोगली त्यानं. तवापासून मी त्याला तोंड दाखवलं न्हाई. सगळ्यांसमोर झालेली गोष्ट हाय, सगळ्यांसमोरच कबूल करावं लागल."

"काय चूक, पप्पा?"

"ते तिथंच सांगतो. एकदाच सांगायचा दम हाय माझ्यात. आता तुला सांगितलं तर तिथं उरणार न्हाई."

बापानं कधी काही मागितलं नव्हतं. चपलासुद्धा झिजून तळवा जमिनीला लागल्यावर घ्यायचे. समीक्षानं चार जणांना फोन करून मलप्पाचा नंबर काढला. तिनं पप्पांचं नाव सांगून बोलावणं केलं. मग मलप्पा म्हणाला, "साहेबरावनी बोलावलं? मला? खरंच काय?" आणि थोड्या वेळानं, "येतो बाई. पण चारच्या गाडीनं निघणार. त्याच्यानंतर आमच्या गावाला गाडी न्हाई."

म्हणजे चारच्या आत पाच मिनिटं. एवढंच. जिनं हजार कामांची पाळी लावली तिला हे जड नव्हतं, असं तिला वाटलं. पण तिनं मराठवाड्यातला कार्यक्रम गृहीत धरला नव्हता.

आपल्याकडं कार्यक्रम म्हणजे काय असतं, ते वेगळं सांगायला नको. पत्रिकेत बाराची वेळ असते, म्हणजे दीडला सतरंज्या झटकतात. माणूस बोलायला उभा राहतो, तेवढ्यात दारातून कुणीतरी पांढऱ्या कपड्यातलं येतं, सूत्रसंचालकाच्या हातात एक चिठ्ठी जाते, आणि तो बोलणाऱ्याच्या तोंडापुढचा माईक ओढून सांगतो की आत्ताच आपल्यामध्ये अमुक अमुक साहेबांचं आगमन झालेलं आहे. मग शाल, श्रीफळ, फोटो, आणि साहेबांचे दोन शब्द. दोन शब्द म्हणजे निदान पंधरा मिनिटं. बोलणारा बिचारा तोवर हातात कागद घेऊन बाजूला उभा.

समीक्षानं हे ओळखलं. तिच्या लेखी हा तिच्याच धंद्यातला प्रश्न होता. निरोप येणार, त्याचा नेम नाही, मग चिठ्ठ्या नीट लावा, झालं. सूत्रसंचालन करणार होते शाळेतले मराठीचे रामकिशन सर. तालुक्यातलं एकही बारसं त्यांच्या शेराशिवाय झालेलं नव्हतं. त्यांना तिनं कार्यक्रमाच्या आधी गाठलं आणि नियम लिहूनच दिला: बोलणाऱ्याला मधे तोडायचं नाही. पाहुणा आला की त्याची चिठ्ठी रांगेत लावायची. वक्ता थांबला की मगच ती पुकारायची.

"लईच शास्त्रशुद्ध काम झालं, ताई," सर म्हणाले आणि कागद खिशात ठेवला.

रविवारी बुद्ध आणि बाबासाहेबांच्या फोटोंना हार घालून, वंदना होऊन कार्यक्रम सुरू झाला तेव्हा एक वाजून वीस मिनिटं झाली होती. मलप्पा चौथ्या रांगेत बसला होता, मांडीवर कापडी पिशवी, डोक्याला पांढरी टोपी. साहेबराव स्टेजवरून त्याच्याकडं बघायचे आणि तो आपली पिशवी न्याहाळायचा. प्रास्ताविक झालं, हेडमास्तर झाले, गावचे सरपंच झाले, आणि अडीच वाजता साहेबराव माईकपुढं आले.

आता एक गोष्ट समीक्षाच्या ध्यानातच आली नव्हती. छत्तीस वर्षं ज्यानं टोले मारले त्याचं बोलणंही टोल्यांसारखंच झालं होतं. एक वाक्य, मग चांगली सणसणीत शांतता, मग दुसरं वाक्य.

"मी एकोणनव्वद सालच्या जूनमधी शाळेत लागलो," साहेबराव म्हणाले आणि थांबले.

रामकिशन सरांनी झडप घातली. "आत्ताच आपल्यामध्ये माजी सभापती साहेबांचं आगमन झालेलं आहे."

माजी सभापतींना शाल दिली. ते दोन शब्द बोलले, त्यातला पहिला कॅनॉलवर होता आणि दुसराही कॅनॉलवर होता. बारा मिनिटं गेली. मग सर म्हणाले, "आता सत्कारमूर्तींना विनंती करतो की त्यांनी आपलं मनोगत सुरू करावं."

साहेबराव आयुष्यभर सांगितलं तेवढं करणारे. सुरू करा म्हटलं तर सुरू.

"मी एकोणनव्वद सालच्या जूनमधी शाळेत लागलो," ते म्हणाले. "माझ्याकडं घंटा दिली." थांबले.

संस्थेचे उपाध्यक्ष आले होते. ते उरकले तर त्यांच्यामागं पतसंस्थेचे चेअरमन निघाले. त्यांनी आपल्या मुलाला परदेशात नोकरी कशी लागली ते सांगितलं, आणि मुलाचा फोन लागतोय का तेही स्टेजवरूनच बघितलं. परत आल्यावर मामा पुन्हा एकोणनव्वद सालच्या जूनमध्ये लागले. तिसऱ्या वेळी "माझ्यासंगं मलप्पा व्हता" इथपर्यंत गाडी गेली आणि कुठल्याशा ग्रुपचे अध्यक्ष दहा जणांना घेऊन दारात उभे राहिले. चौथ्या वेळी मामांनी "मी" म्हणताच मागच्या रांगेतले जुने विद्यार्थी एका सुरात म्हणाले, "एकोणनव्वद सालच्या जूनमधी." सगळं कार्यालय हसलं. साहेबरावही हसले, पण कसनुसे. समीक्षानं ते पाहिलं. ती दर वेळी वहीत टिपून ठेवत होती, मामा कुठं थांबले ते. सवयच तशी.

सव्वातीन वाजता ती स्टेजच्या बाजूनं वर चढली. "सर, तुम्ही मधे तोडून राहिले की."

"कुठं तोडलं? ते थांबले की मी पुकारतो. तुमचाच नियम हाय."

"थांबला म्हणजे बोलून संपला, सर."

"मग संपला लिहायचं, ताई. मी मराठीचा माणूस हाय. थांबला म्हणजे थांबला, संपला म्हणजे संपला." सरांनी खिशातून कागद काढून दाखवला. तिचंच अक्षर होतं. शब्दाशब्दावर घासाघीस करून पगार घेणारी बाई स्वतःच्या मायबोलीत अशी तोंडावर पडली.

"बरं, दहा मिनिटं एकही चिठ्ठी घेऊ नका. आमच्या मशीनमध्ये तशी सोय असते. तेवढ्यापुरती बंदी."

"मशीनीला पाहुणे नाराज होत न्हाईत," सर म्हणाले. "मला ह्याच तालुक्यात माईक धरायचाय."

त्यांच्या हातात तेव्हा सात चिठ्ठ्या होत्या. खाली मलप्पा उठला. पिशवी खांद्याला अडकवून, वाकून, कुणाच्या पायाला पाय न लागू देता तो रांगेतून बाहेर पडू लागला. स्टेजवर साहेबरावांचा चेहरा उतरला. त्यांनी नुसता एक हात अर्धा वर केला आणि खाली घेतला.

पण दारात सरजाबाई उभी होती.

"जेवल्याबिगर जायचं न्हाई, भाऊ," ती म्हणाली.

"गाडी हाय वहिनी, चारची."

"स्टँड काय पळून चाललं का? ऑटोनं पंधरा मिनटं." आणि तिनं सरळ त्याची पिशवी काढून घेतली, खुर्ची ओढली, आणि पिशवी मांडीवर घेऊन बसली. आता सरजाबाईच्या मांडीवरून वस्तू परत घेणं हे नांदेड जिल्ह्यात कुणाला जमलेलं नाही. मलप्पा शेजारी टेकला आणि घड्याळ बघू लागला. तीन पस्तीस.

स्टेजवर त्या वेळी खतांच्या दुकानाचे एक मालक दोन शब्द बोलत होते. मधेच ते विसरले. खोकले. पाणी मागवलं, सावकाश प्यायले, पुन्हा आठवू लागले. चांगलं मिनिटभर कुणी काही बोललं नाही, आणि सर मात्र हातातल्या चिठ्ठ्या घट्ट धरून अदबीनं उभे होते.

समीक्षा बघतच राहिली. अगं माय, बरोबरच होतं की. मूळ कामाला कुणीही थांबवावं. पण चिठ्ठीतनं आलेलं काम एकदा सुरू झालं की ते उरकेपर्यंत पुढची चिठ्ठी हलत नाही. मशीनीत हेच, आणि मंगल कार्यालयात पण हेच. पाहुण्याला तोडायची कुणाची छाती नाही. तोडलं जातं ते फक्त घरच्या माणसाला, ज्याचा कार्यक्रम आहे त्याला.

तिनं वहीचं पान फाडलं, त्याच्यावर चार ओळी लिहिल्या, आणि ते सरांच्या हातातल्या गठ्ठ्यात सगळ्यात वर सरकवलं. रांग मोडली. पाच वर्षांत असलं पाप तिनं केलं नव्हतं.

खतवाले बसले. सरांनी वरची चिठ्ठी उचलली. सरांचं तोंड नेहमीच डोक्याच्या दोन पावलं पुढं चालायचं, त्याचा आज उपयोग झाला. "आत्ताच आपल्यामध्ये," ते गरजले, "पंचक्रोशीला वेळेचं भान देणारे, ज्येष्ठ कर्मचारी, माननीय साहेबराव गजभारे साहेबांचं आगमन झालेलं आहे."

कोण आलं ते बघायला साहेबरावांनीही दाराकडं मान वळवली.

सरांच्या ध्यानात आलं, पण सुटलेलं आगमन परत घेता येत नाही. त्यांनी एकदा समीक्षाकडं पाहिलं, घाम पुसला, आणि सरपंचांना पुढं बोलावलं. मामांच्या खांद्यावर आणखी एक शाल पडली, हातात आणखी एक नारळ आला. "मी साहेबांना विनंती करतो की त्यांनी दोन शब्द बोलावेत."

साहेबराव माईकपुढं आले. "मी..." ते म्हणाले आणि अडले. "कुठवर आलतो?"

"लागलात, घंटा मिळाली, मलप्पा संगं होते," समीक्षानं खालून वहीत बघून सांगितलं. "तिथून पुढं."

"हाव. मलप्पा संगं व्हता," साहेबराव म्हणाले आणि थांबले. सरांच्या हातातल्या चिठ्ठ्या जराशा थरथरल्या, पण जागच्या हलल्या नाहीत.

"सत्त्याण्णव साल. शाळेची तपासणी व्हती. मोठे साहेब सातवीच्या फळ्यावर सोता गणित सोडवून राहिले व्हते. मी घंटेपाशी उभा. सव्वादोन वाजलेले. सुट्टी पाचला." पुन्हा शांतता. "तेवढ्यात माझा मेव्हणा सायकलवर आला. म्हणला, दाजी, पोरगी झाली. दोघी बी खुशाल हायत."

समीक्षाच्या हातातला पेन थांबला.

"मला काई सुचलंच न्हाई," साहेबराव म्हणाले. "हातोडा हातातच व्हता. मी लांब घंटा मारली. सुट्टीची. अन् मारतच राहिलो, हात थांबंच ना. सहाशे लेकरं दप्तरं घिऊन गेटाच्या भाईर. निम्मे मास्तर बी गेले. साहेब खडू धरून फळ्यापाशी, गणित अर्धं."

कार्यालय खदखदून हसत होतं. साहेबराव हसत नव्हते.

"तवाचे हेडमास्तर ओरडले, ज्यानं मारली त्याला देगलूरच्या पल्याड पाठवतो. माझ्या तोंडातून शब्द निघंना. नोकरी कच्ची, लेकरू तासाभराचं. तर हा मलप्पा पुढं झाला अन् म्हणला, मी मारली." साहेबराव मलप्पाकडं वळले. "त्याला पाठवलं. मी गप बसलो. अठ्ठावीस वर्षं गप बसलो. मलप्पा, तुझी सगळ्यांसमोर माफी मागतो."

हसू एकदम विझलं. मलप्पा उठला. तो माईककडं आला तेव्हा सरांनी चिठ्ठी मागितली नाही, नुसता माईक पुढं केला.

"अय्यो, साहेबराव," मलप्पा म्हणाला, "हे काय बोलून राहिले तुम्ही? देगलूरकडच्या त्या शाळेपासून माझं घर दोन किलोमीटर. माय तिकडं, बायको तिकडं, दोन म्हशी तिकडं, अन् मी इकडं. सहा वर्षं बदलीचे अर्ज करून राहिलो होतो, संस्था ऐकत नव्हती. हेडमास्तर देगलूर म्हणाले अन् मी पळतच पुढं आलो. मला भ्याव, माझ्या आधी तुम्ही हात वर करताव का काय." त्यानं टोपी काढून तोंड पुसलं. "घंटा तुमची, अन् बदली मी खाल्ली. म्हणून मीच तोंड चुकवून राहिलो की हो, एवढी वर्षं."

पुढं काय झालं ते सांगायला बसलो तर दिवस जाईल. दोघं एकमेकांच्या गळ्यात पडले ते नारळासकट. सरजाबाई दारातूनच म्हणाली, "मला बाळंतपणात पडल्या पडल्या लांब घंटा ऐकू आली व्हती, मला वाटलं पाच वाजले." चार वाजून गेले, गाडी गेली, आणि पिशवी तिच्याच मांडीवर राहिली. उरलेल्या सगळ्या पाहुण्यांना सरांनी एका रांगेत उभं करून एकाच शेरात उरकलं.

साहेबराव खाली येऊन पोरीशेजारी बसले. समीक्षाला रडू आवरत नव्हतं, आणि ती आवरतही नव्हती. त्यांनी तिच्याकडं बघितलं, मग पंख्याकडं.

"समीक्षा, तुझ्या मशीनीत असं झालं तर? निरोप आला अन् हातातलं तसंच टाकून..."

"सगळं बंद पडतं, पप्पा. अख्खी बँक."

"मंग चुकलोच की मी."

"पडली तर पडू द्या बंद," ती म्हणाली.